सामायिक गिट सर्व्हरवरचा परवानग्यांचा घोळ

काल बिनबोभाट गेलेला ‘पुश’ आज सर्व्हर नाकारतो, आणि सहकाऱ्याचा त्याच वेळी जातो. लहरी वाटणाऱ्या या बिघाडाचं कारण अगदी ठोस आहे. गिट प्रत्येक सुटं ऑब्जेक्ट त्याच्या हॅशच्या पहिल्या दोन अक्षरांच्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतं. असे फोल्डर जास्तीत जास्त २५६, तेही गरज पडेल तसे तयार होतात. ज्याच्या पुशमुळे फोल्डर बनला, तो मालक. आणि ०२२ या प्रचलित उमास्कमुळे बाकीच्यांना तिथे लिहिता येत नाही. तुमचं ऑब्जेक्ट नेमकं कोणत्या फोल्डरमध्ये जाणार, त्यावर सगळं ठरतं.

वैतागून सरसकट ७७७ परवानगी देऊ नका. सर्व्हरवरचा कुणीही मग तुमचा इतिहास पुसू शकेल. सगळ्यांचा एक ग्रुप करा, रिपॉझिटरी त्याच्या नावे करा, फोल्डरांवर ग्रुपला लिहिण्याची मुभा द्या आणि ‘सेटजीआयडी’ लावा. त्याने आत बनणारी प्रत्येक नवी गोष्ट त्याच ग्रुपची राहते. गिटच्या ‘कोअर डॉट शेअर्डरिपॉझिटरी’ सेटिंगलाही ‘ग्रुप’ हे मूल्य द्या. हीच पायरी बहुतेकदा राहून जाते, आणि नवे फोल्डर पुन्हा बंद होतात. ऑब्जेक्टच्या फायली मात्र फक्त वाचण्यापुरत्या खुल्या दिसतील. त्या तशाच असायला हव्यात.