नॉकच्या आकड्याची शंभर वर्षे

इंजिनाच्या नॉकिंगचा इतिहास सांगताना सगळा भर इंधनावर असतो: पेट्रोलमध्ये शिसे आले, ऑक्टेनचे माप ठरले, शिसे गेले. मला तो चुकलेल्या अर्थांचाही इतिहास वाटतो. 1912 च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर आणि बॅटरीचे इग्निशन आले. पुढे इंजिने ठोके देऊ लागली तेव्हा पहिला ठपका या इग्निशनवर ठेवला गेला. खरे कारण शोधायला केटरिंग यांनी डेटनमध्ये थॉमस मिजली यांना बसवले. मिजलींचा 1916 मधला तर्क असा होता, की लाल इंधन उष्णता जास्त शोषेल, लवकर वाफ होईल आणि ठोके थांबतील. हाताशी आयोडीन होते, ते केरोसीनमध्ये घातले आणि ठोके खरोखरच थांबले. तर्क सिद्ध झाला असे मानून तिथेच थांबता आले असते. पण दुसरे लाल रंग घालून पाहिले तेव्हा काहीच फरक पडला नाही, आणि आयोडीनच्या रंगहीन संयुगाने मात्र पडला. काम रंगाचे नव्हते, आयोडीनचे होते. नॉकच्या कोणत्याही नोंदीला आजही हीच कसोटी लावावी लागते: आकडा बदलला एवढ्यावर कारण ठरत नाही, कारण वेगळे काढणारी दुसरी चाचणी घ्यावी लागते.

डिसेंबर 1921 मध्ये टेट्राएथिल लेड सापडले आणि पुढची काही दशके नॉक दाबला गेला. त्याची किंमत कामगारांनी आणि शहरांच्या हवेने मोजली. भारतात शिसेयुक्त पेट्रोल पूर्णपणे बंद व्हायला 2000 साल उजाडले. मोजमापाची बाजू मात्र या काळात पक्की होत गेली. नॉक होतो तेव्हा स्पार्कने पेटलेली ज्वाला पोहोचण्याआधीच सिलिंडरच्या कडेचे मिश्रण आपोआप भडकते, आणि दाबाच्या लाटा भिंतींवर आपटू लागतात. या लाटांची कंपनसंख्या मुख्यत्वे सिलिंडरच्या व्यासावर ठरते, हे चार्ल्स स्टार्क ड्रेपर यांनी 1930 च्या दशकात दाखवले. 86 मिमी व्यासाला ती साधारण साडेसहा किलोहर्ट्झ येते, लहान व्यासाला त्याहून जास्त. पिस्टनच्या पृष्ठभागावर थंड वायूचा पातळ थर असतो, या लाटा तो उडवून लावतात आणि धातू थेट तापतो. नुकसान होते ते यातून.

1978 मध्ये ब्यूइकच्या टर्बो व्ही-6 इंजिनावर नॉक सेन्सर आला आणि ठोका पकडला की स्पार्कचे टायमिंग मागे घेतले जाऊ लागले. साबने 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला तेच ऐकून टर्बोचा दाब कमी करण्याचा मार्ग धरला. मेकॅनिकच्या कानाची जागा आकड्याने घेतली, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा गैरसमज इथूनच सुरू झाला. सेन्सर सिलिंडरमधला दाब मोजत नाही, ब्लॉकची थरथर मोजतो. इसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, क्रँकच्या ठराविक अंशांपुरतेच ऐकतो आणि त्या आरपीएमच्या नेहमीच्या आवाजाशी तुलना करून निकाल देतो. व्हॉल्व्ह बसण्याचा, इंजेक्टरचा, जास्त क्लिअरन्सच्या फोर्ज्ड पिस्टनचा आवाज त्याच कानात शिरतो. सेन्सरचा बोल्ट ढिला असेल तर खरा ठोकाही पुसट होतो. म्हणून एका गाडीचा आकडा दुसऱ्या गाडीला लावू नये. तुलना त्याच इंजिनाच्या, त्याच आरपीएमच्या, टायमिंग मुद्दाम मागे ठेवून घेतलेल्या नोंदीशी व्हावी.

यावर ट्यूनिंग करणारे म्हणतात, सेन्सर एवढा फसवा असेल तर त्याची संवेदनशीलता कमी करावी. हा उपाय मला धोकादायक वाटतो, कारण शंका मिटवायची साधी चाचणी हाताशी आहे. टायमिंग दोन-तीन अंश मागे घ्या. लोड आणि आरपीएम तेच असताना आकडा खाली आला तर तो बहुधा ज्वलनाचा आवाज होता, जागचा हलला नाही तर यांत्रिक असण्याची शक्यता जास्त. जास्त ऑक्टेनचे पेट्रोल भरून तोच प्रयोग करता येतो. दोन्ही चाचण्या एकच उत्तर देईपर्यंत तो नॉकच आहे असे धरून चालावे. दुसरा आक्षेप असा, की नॉक येईपर्यंत टायमिंग पुढे नेल्याशिवाय पूर्ण ताकद कशी मिळणार? पण टॉर्कचा आलेख माथ्याजवळ सपाट असतो. शेवटच्या दोन-तीन अंशांत टॉर्क नगण्य वाढतो, दाब आणि तापमान मात्र चढत राहते. भरपूर इथेनॉल असलेल्या इंधनावर तर नॉक न येताच माथा ओलांडला जातो: सेन्सर गप्प, टॉर्क घसरलेला, पिस्टन आणि बेअरिंगवर विनाकारण भार. टायमिंग कुठे थांबवायचे हे डायनोवरच्या टॉर्कने ठरवावे. नॉकच्या नोंदीला फक्त नकाराधिकार असावा.

तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: लॉग स्वच्छ आला, आता अडचण काय? नॉक हा संभवाचा खेळ आहे. स्थिती तीच असूनही एका चक्रात ठोका येतो, पुढच्या कित्येक चक्रांत येत नाही. थंड सकाळी घेतलेल्या दोन-तीन धावांतून मे महिन्यातल्या दुपारचा, भरलेल्या गाडीचा घाट कळत नाही. 2020 च्या अखेरीस मुंबई-पुण्यासह काही शहरांत 100 ऑक्टेनचे पेट्रोल आले. त्यावर बसवलेले टायमिंग हायवेवरच्या साध्या पंपावर टाकी भरली की तितके सुरक्षित राहत नाही. लॉगमध्ये इनटेक हवेचे व कूलंटचे तापमान आणि इंधनाचा प्रकार नोंदलेला नसेल, तर नॉकच्या रकान्यातल्या शून्याला मी फारशी किंमत देणार नाही.

गेल्या दीड-दोन दशकांतल्या लहान, डायरेक्ट इंजेक्शनच्या टर्बो इंजिनांनी यात नवी भर घातली. कमी आरपीएम आणि जास्त लोडवर मिश्रण कधी कधी स्पार्कच्या आधीच पेटते, आणि त्यातून येणारा एकच प्रचंड ठोका पिस्टन फोडू शकतो. इथे टायमिंग मागे घेऊन उपयोग नसतो, कारण सुरुवात स्पार्कने झालेलीच नसते. यात ऑइलमधल्या कॅल्शियमयुक्त डिटर्जंटचा हात असल्याचे दिसले आणि 2018 मध्ये एपीआयने त्यासाठी एसएन प्लस हा दर्जा आणला. म्हणून लॉगमध्ये कमी आरपीएमवर एकटाच उंच काटा दिसला, तर टायमिंगच्या तक्त्याला हात लावण्याआधी त्या आरपीएमवरचा टर्बोचा दाब उतरवावा आणि इंजिनात कोणते ऑइल आहे ते पाहावे.