गायक पक्ष्यांच्या अंड्यातील पीतकावरण : रचना, प्रथिने व उपयोग

प्रस्तावना :
वन्य पक्ष्यांनी घातलेल्या अंड्यांपैकी सरासरी दहांत सुमारे एक अंडे उबवूनही त्यातून पिल्लू बाहेर पडत नाही. अशा अंड्यात गर्भ न दिसल्यास त्याची नोंद सहसा ‘अफलित’ अशी केली जाते. परंतु अगदी प्रारंभीच मृत झालेला गर्भ नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. त्यामुळे ही नोंद फसवी ठरू शकते. या दोन अवस्थांतील भेद जाणण्यास पीतकाभोवतीचे पातळ आवरण साहाय्यभूत ठरते.

रचना :
हे आवरण दुपदरी असते. कोंबडीच्या अंड्यातील त्याची सूक्ष्मरचना बेलेअर्स व सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाद्वारे वर्णिली. आतील पदर अंडाशयात तयार होतो व तो जाड तंतूंच्या जाळीसारखा असतो. बाह्य पदर सूक्ष्म तंतूंच्या अनेक थरांचा असून तो अंडवाहिनीच्या नरसाळ्यासारख्या मुखभागात चढतो. फलन बाह्य पदर चढण्यापूर्वी होते. उशिरा पोहोचलेले शुक्राणू या पदरात अडकून पडतात.

प्रथिने :
आतील पदरात झेडपी गटातील ग्लायकोप्रथिने असतात. कोंबडीत झेडपी-३ हे पुटिकेतील पेशींत, तर झेडपी-१ यकृतात निर्माण होते. बाह्य पदरात ओव्होम्युसिन, लायसोझाइम, व्हीएमओ-१ ही प्रथिने आढळतात. लायसोझाइम जिवाणूंची पेशीभित्तिका भेदते. म्हणून हा पदर संरक्षकही ठरतो. ही माहिती मुख्यतः कोंबडीवरून मिळालेली आहे. कोंबडीचे अंडे सुमारे ६० ग्रॅम, तर झेब्रा फिंच या ऑस्ट्रेलियातील गायक पक्ष्याचे अवघे १ ग्रॅम भरते. साहजिकच अशा पक्ष्यांत प्रथिनांच्या विश्लेषणासाठी अत्यल्प नमुना हाती येतो.

उपयोग :
बर्कहेड व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये न फुटलेल्या अंड्यांच्या तपासणीची पद्धत मांडली. आवरण धुऊन डीएनएला चिकटणाऱ्या प्रदीप्त रंजकाने रंगविल्यास बाह्य पदरात अडकलेल्या शुक्राणूंची केंद्रके चमकतात, तर आतील पदरात शुक्राणूंनी पाडलेली छिद्रे मोजता येतात. शुक्राणू मुळीच नसल्यास दोष फलनापूर्वीचा असतो. छिद्रे असल्यास शुक्राणू आत शिरल्याचे कळते. मात्र फलनाचा निर्णायक पुरावा गर्भपेशींतूनच मिळतो. हेमिंग्ज व बर्कहेड यांनी २०१५ मध्ये दाखविले, की झेब्रा फिंच व कोंबडीत मोजकेच शुक्राणू आत शिरल्यास गर्भ लवकर मरण्याचा संभव वाढतो.

समारोप :
दुर्मीळ पक्ष्यांच्या संवर्धनात हा भेद निर्णायक ठरतो. अंडी अफलित असल्यास जोडी बदलण्याचा विचार करावा लागतो. गर्भ मरत असल्यास उबवण, आहार वा अंतःप्रजनन यांकडे पाहावे लागते. निदान चुकल्यास उपायही चुकतो. म्हणून न फुटलेले अंडे टाकून न देता त्याचे आवरण तपासणे अगत्याचे आहे.