बाईंनी हात लावायचा नाही

सकाळी ८.३०
कुलूप काढलं की आधी कोपऱ्यातली बादली बघायची. पत्रा एका जागी गळतो, आणि आषाढात रात्रीतून बादली निम्मी भरते. मग गोणपाटाखालची माती. बेंदूर परवावर आलाय. आमच्या सातारा भागात त्या दिवशी घरोघर मातीचे बैल पुजतात, त्यामुळे या आठवड्यात अंगणवाडीत माती सोडून दुसरं काही चालणारच नाही.

ही ओढ्याकाठची चिकणमाती. मदतनीस मावशींनी ती उन्हाळ्यातच आणून, वाळवून, चाळून ठेवली होती. चाळण्यात आळस करून चालत नाही. काचेचा तुकडा किंवा बाभळीचा काटा डोळ्याला दिसत नाही, मुलाच्या बोटाला मात्र बरोबर सापडतो. परवा भिजत घातली, काल मळली. आज तिची करंगळीएवढी वळी करून बोटाभोवती गुंडाळून बघितली. तडे गेले तर पाणी कमी, हाताला चिकटून आली तर जास्त. आज नीट वळली.

९.००
सामान मांडते. चिंचोके, बाटल्यांची बुचं, रिकाम्या काड्यापेट्या, नारळाच्या करवंट्या, गेल्या लग्नसराईतल्या पत्रिका. एप्रिल-मे महिन्यांत मी गावात पत्रिका मागत फिरते. लाल-सोनेरी जाड कागद विकत घ्यायला कुठं परवडतो? चिकटवायला खळ रोज ताजी. कपभर पाण्यात दोन चमचे मैदा कालवून, घट्ट होईतो ढवळत शिजवायचा. बुकबाइंडर खळीत मोरचूद घालतो, म्हणजे तिला कीड लागत नाही. पण ते विष आहे, आणि आमच्याकडं बोट आधी तोंडात जातं. म्हणून उरलेली खळ रोज टाकून द्यायची.

गावातल्याच वस्तूंवर शाळा चालवायची ही काही माझ्या डोक्यातली कल्पना नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामबालशिक्षणाचं काम सुरू केलं. माँटेसरींची साधनं खेड्याला महाग पडणारी, म्हणून त्यांनी पानं, बिया, शंख, काड्या हातात घेतल्या. मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. आमच्या दारावरच्या पाटीवरचा ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथून आला. सरकारची बालविकास योजना त्यानंतर तीस वर्षांनी, १९७५ मध्ये सुरू झाली.

९.३०
पटावर बावीस, पावसामुळं आली सोळा. एक नवीन आहे, तीन वर्षांचा, आईचा पदर सोडेना. त्याच्यापुढं एक परात, दोन पेले आणि तांब्याभर पाणी ठेवलं. या पेल्यातून त्या पेल्यात, त्यातून परत यात. दहा मिनिटांनी आई निघून गेली, त्याला पत्ताही नाही. रडणाऱ्या मुलाला पाण्याइतकं दुसरं काही शांत करत नाही.

१०.००
चिंचोके फक्त साडेचार वर्षांच्या पुढच्यांना, तेही साठ मोजून द्यायचे आणि साठ मोजून घ्यायचे. माझ्या दुसऱ्या वर्षी एका मुलानं नाकात वाटाणा घातला होता. तो ओलीनं फुगला, आणि तालुक्याला नेईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. तेव्हापासून धाकट्यांना मुठीत मावेल पण तोंडात मावणार नाही, एवढीच वस्तू. गुंजा तर दारातही आणू देत नाही. दिसायला देखण्या, आत जहर.

मोठ्यांचा खेळ सोपा. फोडून दोन फाका केलेले चिंचोके, एक बाजू काळी, एक पांढरी. पाच फाका जमिनीवर टाकायच्या आणि पांढऱ्या मोजायच्या. पडल्या तितकी बुचं उचलायची. “बाई, तीन पांढऱ्या, दोन काळ्या!” पाचाचे भाग कसे पडतात ते फळ्यावर न लिहिता कळलं. आजी-आजोबा याच फाकांवर सारीपाट खेळत, तेव्हा खेळ शिकवायला घरी माणूसही आहे.

१०.३०
माती. प्रत्येकाला लिंबाएवढा गोळा, बसायला पोतं, शेजारी वाटीत पाणी.

तीन वर्षांची मुलं बैल करत नाहीत. ती थापटतात, चिमटतात, लांब वळ्या करून “साप, साप” म्हणतात. त्यांना तेवढंच पुरे. चार वर्षांची वेगवेगळे पाय करून पोटाला चिकटवतात आणि बैल उभा केला की पाय गळून पडतात. आजही तेच झालं. निळ्या स्वेटरवाली रडकुंडीला आली. “बाई, ह्यो बसतुयाच!”

इथं माझे हात शिवशिवतात. एका मिनिटात तिचा बैल उभा करता येईल मला. पूर्वी तेच करत असे. एका वर्षी प्रदर्शनासाठी वीस बैल केले, सगळे एकासारखे एक, शिंगं रंगवलेली, गळ्यात मण्यांची माळ. सगळ्यांनी वाखाणले. संध्याकाळी एका पोरानं बापाला बोट दाखवून सांगितलं, “त्यो बाईंचा बैल हाय.” त्याचा कुठला, ते त्याला दाखवता येईना. त्या दिवसापासून नियम केला: मुलाच्या कामाला बाईंनी हात लावायचा नाही. विचारायचं, आणि शेजारी बसून आपला गोळा वेगळा मळायचा.

मी विचारलं, “तुमच्या गोठ्यातल्या बैलाचे पाय कसे आहेत गं?” ती म्हणाली, “जाडे.” मग गप्प बसली. मी माझ्या गोळ्यातूनच चार टोकं ओढून काढत होते, चिकटवत नव्हते. तिनं बघितलं की नाही, ठाऊक नाही. पण थोड्या वेळानं तिनं सगळं मोडलं, एक गोळा केला आणि त्याला चार ठेंगणी टोकं काढली. बैल कमी, पाट जास्त. पण उभा राहिला. शिंगं करायची राहिली, तर म्हणाली, “ह्यो लहान हाय अजून.”

११.३०
हात धुणं हाही पाठच. चिकणमाती नखातून निघायला वेळ लागतो. मग आहार. आज खिचडी. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला रोज किती कॅलरी आणि किती प्रथिनं मिळावीत, याचं योजनेचं माप ठरलेलं आहे. ताटल्या वाटायला मुलंच उठतात. एका मुलाला एक ताटली, एका ताटलीला एक पेला; उरली तर कोण आलं नाही ते त्यांनीच सांगायचं.

खेळायला कणकेचा गोळा द्या, असं पुष्कळ ठिकाणी सांगतात. मीठ घातलेली कणीक टिकतेही. पण ज्या खोलीत वजनकाटा टांगलाय आणि दोन मुलांची वजनं अजून रेषेखाली आहेत, तिथं पीठ खेळायला द्यायला माझं मन होत नाही. माती फुकट आहे आणि बोटांना पिठापेक्षा जास्त काम देते.

१२.१५
ठसे. त्यासाठीही टाकाऊच घ्यायचं. सकाळी घरी भाजी चिरताना भेंडीची डोकी बोटभर लांब कापून आणली होती. कापलेल्या बाजूला पाच पाकळ्यांचं फूल तयारच असतं. ते हळदीच्या पाण्यात बुडवून जुन्या वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडांवर उमटवायचं. पिवळी फुलं झाली की मी वाटीत कपडे धुण्याच्या साबणाचं पाणी आणते आणि कापसाचा बोळा स्वतःच फिरवते. पिवळ्याचं तांबडं होतं. सोळाही जण एकदम गप्प. मग एकजण हळूच म्हणाला, “आईच्या लुगड्याचं पन असंच झालतं.” हळदीचा डाग साबणानं लाल होतो, हे त्याला आधीच ठाऊक होतं, आज त्याला ते कुणालातरी सांगता आलं.

१.३०
मुलं घरी निघाली. अकरा बैल, चार साप आणि एक “काय न्हाई, नुस्तं” पुठ्ठ्यावर ठेवून दिले. दारात एका आईनं गाठलंच. “बाई, गाडीनं जाणारी पोरं एबीसीडी लिव्हत्यात. आमचं पोर नुसतं चिखलात.”

तिच्या हातात पेन्सिल दिली आणि म्हटलं, धरा, कुठली बोटं लागतात बघा. अंगठा, त्याच्या शेजारचं आणि मधलं. मग तिच्याच मुलाचा बैल दाखवला. शेपटी याच तीन बोटांच्या चिमटीतून ओढून काढलेली. बोटांत बळ आलं की अक्षर येतं, त्याआधी गिरवायला लावलं तर हात दुखतो आणि वहीचा राग येतो. तिला पटलं असं म्हणणार नाही. पण बैल पदराखाली झाकून, पावसातून जपून नेला.

३.००
हजेरी, आहाराची नोंद, मोबाइलवर पोषण ट्रॅकर. नेटवर्क मिळालं तर दहा मिनिटं, नाहीतर तासभर. चिंचोके मोजले, साठ भरले. उरलेली माती गोळा करून पुन्हा गोणपाटाखाली ठेवली. उद्या जोंधळ्याच्या चिपाडांची गाडी करायची आहे. चिपाडाची साल धारदार, बोट कापतं. ती सोलायला एका मुलाचे आजोबा येणार आहेत. मुलांच्या हाती फक्त आतला पांढरा भेंड द्यायचा.

परवा देव्हाऱ्यात कुंभाराकडचा रंगीत बैल मांडाल, तेव्हा पोरानं आणलेला बिनशिंगाचाही शेजारी ठेवा. फक्त त्याला शिंगं लावायला जाऊ नका.