श्वासनलिकेतील क्षारांची दारे

आंबेगाव तालुक्यात घोड नदीवरील डिंभे धरणाच्या कालव्याचे दार पाणी ढकलत नाही. जलाशयातील पातळीचा दाब पाणी वाहवतो आणि दार केवळ त्याला वाट देते. श्वासनलिकेच्या पेशीपटलातील आयनमार्गांचे, म्हणजे विद्युतभारित कणांना पलीकडे जाऊ देणाऱ्या प्रथिनांचे, कार्यही याच तत्त्वावर चालते.

पेशीपटल मेदाचे असल्यामुळे सोडियम व क्लोराइडचे आयन त्यातून स्वतःहून जाऊ शकत नाहीत. पेशीच्या तळाकडील पंप एटीपी या इंधनद्रव्याच्या बळावर तीन सोडियम आयन बाहेर टाकून दोन पोटॅशियम आयन आत घेतो, त्यामुळे सोडियमला आत येण्याची ओढ लागते आणि त्या ओढीबरोबर दुसरे एक वाहक प्रथिन क्लोराइडलाही पेशीत ओढून साठवते. वरच्या पृष्ठभागावरील सीएफटीआर हे १४८० अमिनो आम्लांचे प्रथिन उघडले की हा साठा नलिकेच्या पोकळीकडे जातो, पेशींमधील फटींतून सोडियम त्याच्यामागे येते आणि क्षारांच्या पाठोपाठ पाणी येते. याच पृष्ठभागावरील ईनॅक हा सोडियममार्ग मात्र उलट दिशेने सोडियम शोषून हे पाणी आटवतो. या दोहोंच्या तोलावर सुमारे सात मायक्रोमीटर जाडीचा पाण्याचा थर टिकतो, आणि त्यातच पक्ष्माभिका, म्हणजे पेशींवरील सूक्ष्म केसांसारखे तंतू, सेकंदाला दहाच्या आसपास वेळा हलून धूळ व जंतू अडकलेला कफ घशाकडे सरकवतात. सीएफटीआरमधून बायकार्बोनेटही बाहेर पडते आणि कफ सैल राहण्यास त्याची मोठी मदत होते. बायकार्बोनेटच्या या कामाची दखल मात्र फार उशिरा घेतली गेली.

सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक रोगात घामग्रंथी क्लोराइड शोषू शकत नाहीत, हे पॉल क्विंटन यांनी १९८३ मध्ये दाखवले. १९८९ मध्ये लॅप-ची त्सुई, जॉन रिऑर्डन आणि फ्रान्सिस कॉलिन्स यांच्या गटांनी या रोगामागचे, सीएफटीआर घडवणारे सातव्या गुणसूत्रावरील जनुक शोधून काढले. त्याच्या सर्वाधिक आढळणाऱ्या बदलात ५०८ व्या स्थानी असलेले एकच अमिनो आम्ल गळते, प्रथिनाची घडी चुकते आणि पृष्ठभागी पोहोचण्यापूर्वीच पेशी त्याचा बहुतांश नाश करते.

मात्र हे दार निकामी होण्यास जनुकीय दोषच लागतो असे नाही. सिगारेटच्या धुराने सीएफटीआरचे कार्य मंदावते, आणि त्यास कारणीभूत मानले जाणारे ॲक्रोलीन हे दाहक द्रव्य लाकडाच्या धुरातही असते. तेव्हा पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनमध्ये असलेले संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीकडे, म्हणजे श्वासनलिका कायम अरुंद करणाऱ्या रोगाकडे, लक्ष वेधताना लाकूड, गोवऱ्या अशा जैवइंधनाच्या धुराला त्याच्या कारणांत प्रमुख स्थान दिले. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम डोंगरपट्ट्यात ज्या घरी अजून सरपणाची चूल पेटते, तेथे हा धूर मुख्यतः स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीच्याच वाट्याला येतो, म्हणून तिच्या जुनाट खोकल्याला वयाचा खोकला समजून सोडून देणे वैद्यकीयदृष्ट्या चुकीचे ठरते. उपचारांच्या बाजूने पाहता, सीएफटीआरला अधिक काळ उघडे ठेवणारे आयव्हाकॅफ्टर हे औषध २०१२ मध्ये अमेरिकेत सिस्टिक फायब्रोसिसच्या काही रुग्णांसाठी मान्य झाले, आणि याच तऱ्हेच्या औषधांच्या चाचण्या पुढे सीओपीडीच्या रुग्णांवरही घेण्यात आल्या.