संगणकाचा ताप : किती चालेल, किती नको?

डिसेंबर २०१८ मध्ये गणिताच्या जगात एक मोठी बातमी आली. २ या संख्येचा ८,२५,८९,९३३ वा घात करून त्यातून १ वजा केला, तर येणारी संख्या मूळ संख्या असते, असे सिद्ध झाले. ही संख्या लिहून काढायची तर २,४८,६२,०४८ अंक लिहावे लागतील! ऑक्टोबर २०२४ मध्ये तिच्याहून मोठी सापडेपर्यंत तीच सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या होती. नवलाची गोष्ट अशी, की ती कोणा महासंगणकाने शोधलेली नाही. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यातल्या एका हौशी माणसाच्या साध्या संगणकाने ती शोधली. त्यासाठी तो संगणक बारा दिवस अखंड आकडेमोड करीत होता.

मोठ्या मूळ संख्या शोधण्याचा हा सामुदायिक प्रकल्प १९९६ साली सुरू झाला. प्रथिनांच्या रेणूंच्या घड्या कशा पडतात याची आकडेमोड करणारा असाच एक प्रकल्प २००० सालापासून चालू आहे. आपल्या संगणकाचा रिकामा वेळ विज्ञानाला देणारे असे लोक जगभर आहेत. तुमच्याही मनात येईल, की शाळेतला किंवा घरचा संगणक आपणही या कामाला लावावा. पण लगेच शंका येते : रात्रंदिवस राबवला तर तो जळणार तर नाही? विदर्भात मे महिन्यात खोलीच चाळिशी गाठते. तिथे काय होईल?

उष्णता येते कोठून?

संगणकात आकडेमोड करणाऱ्या भागाला प्रोसेसर म्हणतात. सिलिकॉनच्या नखाएवढ्या चकतीवर कोट्यवधी ट्रान्झिस्टर कोरलेले असतात आणि प्रत्येक ट्रान्झिस्टर हे एक सूक्ष्म बटणच असते. बटण चालू-बंद होताना थोडासा विद्युत्‌भार साठतो आणि पुन्हा वाहून जातो. या प्रत्येक वेळी किंचित उष्णता निर्माण होते. सेकंदाला अब्जावधी वेळा हे घडत असल्याने थेंबे थेंबे तळे साचते. प्रोसेसरला दिलेली जवळजवळ सर्व वीज अखेर उष्णतेतच रूपांतरित होते.

समजा, आपला प्रोसेसर ६० वॉट वीज घेतो. ६० वॉट म्हणजे जुन्या पिवळ्या दिव्याइतकी. मग त्यात एवढे काय? पण क्षेत्रफळ पाहा. १००० वॉटच्या इस्त्रीचा तळ सुमारे २०० चौरस सेंटिमीटर असतो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ५ वॉट झाले. प्रोसेसरची चकती दीड चौरस सेंटिमीटरची धरली, तर तिथे दर चौरस सेंटिमीटरला ४० वॉट होतात. इस्त्रीच्या आठपट! ही उष्णता सतत बाहेर काढली नाही, तर चकती काही क्षणांतच भयंकर तापेल.

नळ आणि भोक

म्हणून प्रोसेसरच्या डोक्यावर धातूच्या पातळ पट्ट्यांचा ठोकळा बसवतात. त्याला हीटसिंक म्हणतात. दोघांच्या मध्ये उष्णतावाहक लेप असतो आणि वर पंखा. चकतीतील उष्णता लेपातून ठोकळ्यात, ठोकळ्यातून हवेत आणि हवेबरोबर पेटीबाहेर जाते.

तळाला भोक असलेली टाकी डोळ्यांपुढे आणा. वरून नळ सोडला की पाणी चढू लागते. पाणी जितके चढते तितके भोकातून ते जोराने वाहते. शेवटी येणारे आणि जाणारे पाणी सारखे झाले की पातळी स्थिर होते. प्रोसेसरचेही तसेच आहे. पत्र टंकताना हा नळ क्षणभर उघडतो आणि लगेच मिटतो. अखंड आकडेमोडीत तो पूर्ण उघडाच राहतो. चकती काही सेकंदांतच तापते, पण जड ठोकळा तापायला अनेक मिनिटे लागतात. म्हणून काम सुरू केल्यावर निदान अर्ध्या तासाने दिसणारे तापमान खरे मानावे.

आता थोडे गणित. दर वॉटमागे तापमान किती अंशांनी चढते, याला आपण ‘उष्णतारोध’ म्हणू. तो ०.६ असेल, तर ६० वॉटला ६० × ०.६ = ३६ अंशांची वाढ होईल. ही वाढ खोलीच्या तापमानावर मोजायची असते. खोली २५ अंश सेल्सियसला असेल तर प्रोसेसर ६१ अंशांवर राहील. खोली ४० अंशांवर गेली तर तो ७६ अंशांवर जाईल. आता पट्ट्यांत धूळ बसून उष्णतारोध ०.९ झाला असे समजा. वाढ ५४ अंश, आणि तापमान थेट ९४ अंश! उन्हाळा आणि धूळ एकत्र आली की संकट का येते, ते यावरून कळेल.

किती तापमान चालेल?

प्रत्येक प्रोसेसरची कमाल मर्यादा उत्पादक ठरवून देतो. इंटेलच्या अनेक प्रोसेसरांसाठी ती १०० अंशांच्या आसपास, तर एएमडीच्या अनेक रायझन प्रोसेसरांसाठी ९५ किंवा ९० अंशांच्या आसपास आहे. आपल्या प्रोसेसरचा नेमका आकडा उत्पादकाच्या तक्त्यात पाहावा. मर्यादा आली की आजचे प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतात. तरीही ताप उतरला नाही, तर संगणक बंद पडतो. त्यामुळे तो एकदम जळण्याची भीती फारशी नाही.

पण मर्यादा म्हणजे मुक्कामाची जागा नव्हे. महिनोन्‌महिने काम करायचे असेल, तर टेबलावरच्या संगणकासाठी व्यवहारात असा हिशेब ठेवावा : ७० अंशांपर्यंत निर्धास्त, ७० ते ८५ चालेल, पण लक्ष हवे, ८५ च्या वर राहत असेल तर कारण शोधावे. काही नवे प्रोसेसर मात्र भारी कामात ९५ अंशांपर्यंत जावेत अशाच रीतीने बनवलेले असतात. मांडीवरच्या चपट्या संगणकात पंखा व पट्ट्या लहान असल्याने तापमान जास्तच राहते. अखंड कामासाठी तो तितकासा योग्य नाही.

जास्त तापला तर बिघडते काय?

पहिली गोष्ट, बंद असलेल्या ट्रान्झिस्टरमधूनही थोडा प्रवाह गळत असतो. उष्णतेने ही गळती वाढते आणि गळतीने पुन्हा उष्णता वाढते. दुसरी, सूक्ष्म तारांतून वाहणारे इलेक्ट्रॉन धातूच्या अणूंना हळूहळू ढकलत राहतात. तार एका जागी झिजते, दुसरीकडे साचते आणि वर्षांनंतर तुटू शकते. तापमान वाढले की ही झीज झपाट्याने वाढते. तिसरी गोष्ट विज्ञानाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची : फार तापलेला संगणक कधीकधी चुकीचे उत्तर देतो. बारा दिवसांच्या आकडेमोडीत एक चूक झाली, तरी सारे श्रम वाया! म्हणूनच मूळ संख्यांच्या प्रकल्पात निकाल पुन्हा तपासले जातात.

उपाय आणि प्रयोग

संगणक भिंतीपासून हातभर दूर ठेवा, बंद कपाटात कधीही ठेवू नका. दर काही महिन्यांनी बंद करून, प्लग काढून, मोठ्यांच्या देखरेखीखाली धूळ झाडा. जुना लेप वाळला असेल तर जाणकाराकडून नवा लावून घ्या. शिवाय एक युक्ती आहे. उष्णता ही विद्युत्‌दाबाच्या वर्गाच्या आणि वेगाच्या प्रमाणात असते. दाब व वेग दोन्ही दहा टक्के कमी केले, तर उष्णता ०.९ × ०.९ × ०.९, म्हणजे सुमारे ०.७३ पट उरते. काम दहा टक्क्यांनी घटते, उष्णता सत्तावीस टक्क्यांनी! विजेचे बिलही विसरू नका. पूर्ण संगणक १०० वॉट घेत असेल, तर दिवसाला २.४ युनिट आणि महिन्याला ७२ युनिट होतात. म्हणून घरी आणि शाळेत आधी विचारावे.

आता हे करून पाहा. प्रोसेसरचे तापमान दाखवणारा प्रोग्रॅम संगणकावर घ्या. खोलीत तापमापी ठेवा. संगणकाला अखंड काम देऊन दर मिनिटाला दोन्ही तापमाने वहीत लिहा आणि अर्ध्या तासानंतर आलेख काढा. रेषा आधी झपकन चढेल, मग आडवी होईल. ती आडवी झाली की दोन तापमानांमधील फरक मोजा. धूळ झाडल्यावर हाच प्रयोग पुन्हा करा. फरक किती अंशांनी कमी झाला? तेवढेच अंश तुमच्या संगणकाला मे महिन्यात तारणार आहेत.