बागकाम करताना साप चावला तर काय करायचं आणि काय अजिबात नाही?

पाऊस सुरू झाला की परसबागेत कामं निघतातच. गवत उपटायचं, कुंड्या हलवायच्या, पालापाचोळा गोळा करायचा. पण बिळांत पाणी शिरल्यावर साप आडोशाला येतात तेही इथेच. शिवाय बेडूक आणि उंदरांच्या मागे ते अंगणापर्यंत पोहोचतात.

भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८ हजार मृत्यू झाले, असा संशोधकांचा अंदाज आहे. वेळेत उपचार मिळाले, तर यातले बरेच जीव वाचू शकतात.

कोणते साप धोकादायक?

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चार प्रमुख विषारी साप महाराष्ट्रात आढळतात. घोणस कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फुत्कार टाकते. फुरसं लहान असतं, कोकणात जास्त दिसतं. मण्यार रात्री फिरते. तिच्या दंशाने फारसं दुखत नाही, कधीकधी खूणही दिसत नाही. म्हणूनच ती जास्त फसवी.

काम करताना काय काळजी घ्यायची?

- गमबूट आणि जाड हातमोजे घाला.
- पालापाचोळा, विटा, लाकडं आधी काठीने हलवा, मगच हात घाला.
- अंधारात अंगणात जाताना टॉर्च घ्या, अनवाणी जाऊ नका.
- घराला लागून अडगळ रचू नका. खरकटं उघड्यावर टाकलं की उंदीर येतात आणि त्यांच्यामागे साप.

साप चावलाच तर?

- सापापासून लांब व्हा आणि १०८ वर फोन करा.
- अंगठी, बांगड्या, घड्याळ लगेच काढा. सूज आल्यावर ते निघत नाही.
- हाड मोडल्यावर बांधतात तशी फळी लावून हात-पाय स्थिर ठेवा. रुग्णाला चालवू नका.
- दंशाची वेळ लक्षात ठेवून डॉक्टरांना सांगा.

काय करू नका?

दोरीने घट्ट आवळू नका, त्याने रक्तपुरवठा थांबून अवयव गमावण्याची वेळ येऊ शकते. जखम कापू नका, तोंडाने विष ओढू नका, बर्फ लावू नका. मांत्रिकाकडे गेलेला एक तासही जिवावर बेतू शकतो.

साप मारून दवाखान्यात न्यायचा का?

नाही. त्या नादात दुसऱ्यालाही दंश होऊ शकतो. भारतात वापरलं जाणारं प्रतिविष या चारही सापांच्या विषावर चालतं. सुरक्षित अंतरावरून फोटो मिळाला तर ठीक, नाहीतर लक्षणं आणि तपासण्यांवरून डॉक्टर उपचार ठरवतात.

दुखत नाही किंवा खूण नाही म्हणून घरी थांबू नका. विषाची लक्षणं काही तासांनीही दिसू शकतात. आपल्या भागात प्रतिविष कोणत्या सरकारी रुग्णालयात मिळतं, हे आजच विचारून ठेवा. ऐनवेळी ही शोधाशोध परवडणारी नसते.