तांब्याचा हिशेब

शेगडीत कोळसे फुललेले, एका हाताने भाता चाललेला, आणि चिमट्यात धरलेलं पितळी पातेलं तापून आलेलं. कल्हईवाला त्यात नवसागराची चिमूट टाकतो, पांढरा धूर नाकाला झोंबतो. मग कथलाची कांडी टेकवून कापसाचा बोळा असा फिरवतो की पिवळं भांडं डोळ्यांदेखत चांदीसारखं उजळतं. पाण्यात बुडवलं की चर्र! ताक कळकू नये म्हणून ही सारी खटपट, एवढं घरोघरी ठाऊक होतं. कथलाचा तो पातळ थर पितळेतल्या तांब्याला पोटात जाण्यापासून अडवत होता.

शरीराला तांबं लागतंही, पण मोठ्या माणसाला दिवसाला जेमतेम १ मिलिग्रॅम. डाळी, तीळ, शेंगदाणे, धान्यं यांतून तेवढं सहज येतं. ही जमा. उरलेलं तांबं यकृत पित्तात सोडतं आणि ते शौचावाटे निघून जातं. हा खर्च. जमेची बाजू आपलं ताट, आपली भांडी, आपला धंदा ठरवतात. खर्चाची बाजू जनुकं सांभाळतात. हात थरथरणं, अंग ताठणं, चाल बिघडणं अशा काही आजारांचं मूळ शोधायचं तर दोन्ही रकाने वाचावे लागतात.

खर्च थांबला तर काय होतं, हे लंडनचे मेंदूविकारतज्ज्ञ सॅम्युअल अलेक्झांडर किनियर विल्सन यांनी १९१२ मध्ये लिहून ठेवलं. तरुण वयात कंप, ताठर स्नायू, अडखळती वाचा. मेंदूच्या खोल भागाची झीज आणि आक्रसलेलं, गाठाळ यकृत. आजार भावंडांत दिसे. त्यामागे साचलेलं तांबं आहे, हे पुढे उलगडलं आणि १९९३ मध्ये जनुक सापडलं : तेराव्या गुणसूत्रावरचं ‘एटीपी७बी’. जास्तीचं तांबं पित्तात लोटणारा पंप या जनुकाच्या बरहुकूम घडतो. आई आणि वडील अशा दोघांकडून बिघडलेली प्रत आली तरच आजार होतो. एकच आली तर माणूस नुसता वाहक. आते-मामे भावंडांत लग्नं होणाऱ्या घरांत म्हणूनच अशा आजारांची शक्यता वाढते.

घरात या आजाराची चाहूल अनेकदा वहीत लागते. जूनमध्ये रेघेवर बसलेलं अक्षर जानेवारीत वाकडं, ओळ सोडून धावणारं होतं. मास्तर म्हणतात, ‘लक्ष नाही’. घरचे म्हणतात, ‘वयच तसं’. मग पेला तोंडाशी नेताना सांडू लागतो, बोलणं जड होतं, लाळ गळते. हात पसरून कोपरात वाकवायला सांगितलं, तर पक्ष्याने पंख मारावेत तसे ते खांद्यापासून हलतात. कुणीतरी डोळा यंत्राखाली तपासतं आणि बुबुळाच्या कडेला सोनेरी-तपकिरी कडं दिसतं. कायसर आणि फ्लायशर यांच्या नावाने ओळखलं जाणारं हे कडं म्हणजे डोळ्यात साचलेलं तांबंच.

दोष जनुकात असला तरी इलाज हिशेबातच सापडला. १९५६ मध्ये जॉन वॉल्श यांनी पेनिसिलामाइन वापरलं; ते तांब्याला धरून लघवीवाटे बाहेर नेतं. जस्त आतड्यातच तांब्याची वाट अडवतं. कलेजी, तिसऱ्या, काजू, चॉकलेट यांना आवर घालावा लागतो, आणि हल्ली फॅशनमध्ये आलेली तांब्याची पाण्याची बाटलीही या रुग्णांसाठी वर्ज्य. औषध जन्मभराचं. जनुक होतं तसंच राहतं. पण वेळेत निदान झालेला माणूस नोकरी करतो, संसार करतो. शिवाय, एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला यकृत बदलावं लागलं आणि दुसऱ्याचा आजार सौम्य राहिला, असंही नोंदलं गेलंय. जनुकातली चूक तीच, तरी निकाल वेगळा.

आता जमेच्या बाजूचा उच्छाद पाहा. लहान मुलांचं यकृत निकामी करणारा एक आजार आपल्याकडे शेकडो घरं उजाड करत असे. तो हालचालींचा विकार नव्हे, पण खलनायक तोच. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. शीला भावे, डॉ. आनंद पंडित आणि ब्रिटनचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी १९८३ मध्ये ‘लॅन्सेट’मधून बोट दाखवलं ते पितळी भांड्यातल्या दुधाकडे. बाळाला आईच्या दुधाऐवजी लवकर वरचं दूध सुरू होई. ते बिनकल्हईच्या भांड्यात तापवलं की दुधातलं प्रथिन तांबं ओढून घेई. भांडी बदलली आणि आजार ओसरला. ऑस्ट्रियाच्या टिरोल भागातही १९०० ते १९७४ या काळात १३८ तान्ही मुलं अशाच आजाराने दगावल्याचं पुढे उघड झालं. तिथे दूध तांब्याच्या भांड्यात तापे. पण आजार ठरावीक घराण्यांतच दिसे, दोन्हीकडून दोष आल्यासारखा. शेजारच्या घरातलं भांडंही तसंच होतं, तिथली मुलं मात्र वाचली. म्हणजे एका रकान्याने भागत नाही.

मँगनीजचंही असंच. १८३७ मध्ये ग्लासगोच्या कूपर यांनी मँगनीजचं खनिज दळणाऱ्या कामगारांचे लुळे पडलेले पाय आणि खोल गेलेला आवाज यांची नोंद केली. तिथे दोष श्वासातल्या धुळीचा. २०१२ मध्ये मात्र अशी मुलं समोर आली, ज्यांनी खाण पाहिलीही नव्हती. ‘एसएलसी३०ए१०’ हे जनुक बिघडल्याने रोजच्या जेवणातलं मँगनीजच त्यांच्या मेंदूत साचत होतं. वाटा दोन, पण चाल बिघडली ती मेंदूच्या त्याच भागामुळे.

कंपवाताचा हिशेब याहून गुंतागुंतीचा. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात चोरून बनवलेलं मादक द्रव्य टोचून घेतलेले काही तरुण थोड्याच दिवसांत पुतळ्यासारखे थिजले; त्यात एमपीटीपी हे विष उतरलं होतं. उलट १९९७ मध्ये इटलीतून आलेल्या एका मोठ्या कुटुंबात एकाच जनुकातला बदल पुरेसा ठरला. बहुतेक रुग्ण या दोन टोकांच्या मधे असतात. अमेरिकेतल्या माजी सैनिक जुळ्यांच्या १९९९ मधल्या अभ्यासात पन्नाशीआधी सुरू झालेल्या कंपवातावर अनुवंशाची छाप स्पष्ट दिसली. पन्नाशीनंतरच्या आजारात ती जवळजवळ पुसट झाली.

म्हणून ‘आनुवंशिक’ हा शब्द कानावर पडताच हातपाय गाळू नयेत. विल्सनच्या आजारात एका मुलाचं निदान झालं की त्याच्या प्रत्येक सख्ख्या भावंडाला तो असण्याची शक्यता चारात एक असते. म्हणून सगळ्यांची तपासणी करतात. धाकटीत तोच दोष सापडतो, पण कंप अजून सुरू झालेला नसतो. त्याच आठवड्यात औषध चालू होतं. पुढच्या जानेवारीत तिची वही उघडली तर अक्षर रेघेवरच असतं.